लॅकलन राजा आणि ड्रमारनची बाई

बिशपांनी तेलाचं बोट कपाळावरून ओठांपर्यंत आणलं, आणि राजा त्यांना कडकडून चावला.

लॅकलन दहा महिन्यांचा होता तेव्हा. वरचे दोन दात नुकते आले होते, हिरड्या शिवशिवत होत्या, समोर येईल ते तोंडात घालायचा. त्याला कडेवर घेऊन मीच उभी होते. माझं काम पाळणा हलवायचं, पण त्या दिवशी राणीनं मूल माझ्याकडे दिलं होतं. बिशप कळवळले, बोटाला रक्त आलं. मठात जमलेले उमराव हसले.

"बाळाला दात आहेत की!" कोणीतरी म्हणालं.

"आहेत तोवर आहेत," वॉल्टर कारगिल म्हणाला. "दात पाडता येतात."

मग कोणी हसलं नाही. वॉल्टर ड्रमारनचा उमराव. मुकुट बाळाच्या डोक्यावर ठेवला असता तर थेट गळ्यात उतरला असता, म्हणून वॉल्टरनेच तो वरच्या वर धरला होता. सगळा विधी होईपर्यंत त्याचा हात जरासुद्धा हलला नाही. त्या हाताला मुकुटाचं वजन आवडलं होतं, एवढं मला तेव्हाच कळलं.

राजाच्या बापाला महिन्यापूर्वी शिकारीत भाला लागला होता. कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्यालाही लागला असता.

अभिषेकानंतर राजाला "सुरक्षित" ठेवायला ड्रमारनच्या किल्ल्यात नेलं. राणी युफेम आणि मी बरोबर होतो. हिवाळाभर राणी आणि वॉल्टर बंद दाराआड भांडले. वसंतात रस्ते मोकळे झाले तशी राणी घोड्यावर बसली आणि निघून गेली. जाताना बाळाचा मुका घेतला, आणि मला म्हणाली, "मॅरिओटा, याला सांभाळ." नंतर ऐकलं की ब्लेअरकेलची जहागीर तिच्या नावे झाली, आणि तिथल्या ॲलन रॉस्किनशी तिनं लग्न लावलं. मूल वॉल्टरकडे राहिलं.

राज्य कसं चालायचं? राजमुद्रा राजाच्या मुठीत द्यायची. ती मूठ वॉल्टरने आपल्या मुठीत धरायची आणि गरम लाखेवर दाबायची. झालं राज्य. एकदा लाख उडून पोराच्या मनगटाला भाजलं. वॉल्टरने मूठ सोडली नाही, शिक्का पुरता उमटू दिला.

घर मात्र वॉल्टरचं नव्हतं. घर ग्रिझेलबाईचं. वॉल्टरची बायको, उंच, हाडकुळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिला मूलबाळ नव्हतं आणि दुसऱ्याचं नको होतं. राजाला ती नोकरांच्याच हंड्यातली ओटची पेज वाढायची.

"मला मध पाहिजे," राजा म्हणायचा. पाच वर्षांचा असेल.

"मलाही पुष्कळ पाहिजे होतं. खा."

"मी राजा आहे!"

"आहेस ना? मग सांडू नकोस. पुसायला माझी माणसं लागतात."

तो तिच्यावर वाडगा फेकायचा. ती त्याच्या कानाखाली आवाज काढायची. वॉल्टर त्याला "महाराज" म्हणायचा, वाकून बोलायचा आणि हवं ते करून घ्यायचा. ही त्याला "अरे कार्ट्या" म्हणायची. पोराचा दोघांवर सारखाच राग होता. मला विचाराल तर त्या किल्ल्यात प्रेमानं बोलणारा माणूस एकच, डंकन, वॉल्टरचे ससाणे सांभाळणारा. लाल दाढीचा, तोतरा, आनंदी गडी. राजा सारखा त्याच्या मागे. ससाण्याला हातावर कसं घ्यायचं, त्याच्या डोळ्यांवरची टोपी कशी काढायची, सगळं त्यानंच शिकवलं.

आठव्या वर्षी राजानं वॉल्टरचा लाडका पांढरा ससाणा मान पिरगाळून मारला. वॉल्टरनं त्या दिवशी त्याला आईकडून निरोप घेऊन आलेल्या माणसांना भेटू दिलं नव्हतं, म्हणून. मेलेला पक्षी त्यानं वॉल्टरच्या ताटात नेऊन ठेवला.

वॉल्टर ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "राजाच्या हातून गुन्हा होत नाही. म्हणजे हा दुसऱ्याच्या हातून झाला. ससाणा कोणाच्या ताब्यात होता?"

डंकनला दुपारी अंगणात फासावर दिलं. राजाला सज्जात उभं करून ते बघायला लावलं. डंकन शेवटपर्यंत तोतरत काहीतरी सांगत होता, ते पुरं झालंच नाही. राजा किंचाळत होता, "मी मारला! मी मारला!" वॉल्टर वाकून म्हणाला, "महाराजांचं मन मोठं आहे."

तो खाली आला तेव्हा त्याला कुशीत घ्यायला मी पुढे झाले. ग्रिझेलबाई दारात उभी होती.

"काय रडतोस? त्याला तूच मारलंस," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं दोर दिला, पण मान तू दिलीस. तुझ्या रागाची किंमत नेहमी दुसराच भरणार. राजा म्हणतात ते हेच."

"बाईसाहेब, लेकरू आहे ते!" मी म्हटलं.

"मग त्याला आत्ताच कळू दे."

"माझी आई येईल," राजा दात आवळून म्हणाला. "सैन्य घेऊन येईल. तुम्हा सगळ्यांना जाळेल."

"तुझी आई ब्लेअरकेलची जहागीर घेऊन तुला माझ्या गळ्यात बांधून गेली. मी मागितलं नव्हतं तुला."

"खोटं!"

"बरं, खोटं," ती म्हणाली आणि किल्ल्या वाजवत निघून गेली.

त्यानंतर तो कोणासमोर रडला नाही. हसलाही नाही. वॉल्टर सांगेल ते पोपटासारखं बोलायचा, सभेत, परराज्यांच्या वकिलांसमोर. सगळे म्हणायचे, पोर माणसाळलं. मी त्याचे बिछाने घालायचे. उशीच्या अभ्र्याला चावून चावून पडलेली भोकं मीच शिवायचे. मला माहीत होतं तो किती माणसाळला होता ते.

राजाच्या सोळाव्या वर्षी वॉल्टरची म्हातारी आई गेली. तिच्या मातीला रडायला गावोगावच्या बायका आल्या, डोक्यावरून लोकरी शाली घेऊन, ऊर बडवत. राजा माझ्याकडे आला. "मॅरिओटा, तुझी शाल दे. दुसरी असेल तर तू घे आणि चल." अजून मिसरूड फुटलं नव्हतं, अंगानं काटकुळा. मी शाल दिली. बायकांच्या लोंढ्यात आम्ही वेशीकडे निघालो. तिथं ग्रिझेलबाई प्रत्येकीच्या हातावर ओटची भाकरी ठेवत होती.

राजासमोर येऊन ती थांबली. "ही रडत का नाही?"

मी पुढे झाले. "मुकी आहे, बाईसाहेब."

"मुकी रडायला कशाला आणली?" शालीखालच्या त्या भुरक्या डोळ्यांकडे तिनं नीट पाहिलं. मग भाकरी त्याच्या हातात कोंबली. "चल, पुढे हो. गर्दी करू नकोस."

टेकडी उतरेपर्यंत आम्ही मागे पाहिलं नाही.

ब्लेअरकेलला राणी युफेम वेशीपर्यंत धावत आली. मुलाला मिठी मारून इतकी रडली की माझेही डोळे भरले. मोठं जेवण झालं. हरणाचं मांस, मध, फ्रान्सहून आलेली दारू. राजा काही न खाता नुसता आईच्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, चला, सुटलं पोरगं.

सकाळी त्याच्या दाराबाहेर रॉस्किनचे दोन भालेवाले उभे होते.

"हे कशाला?" राजानं विचारलं.

"तुझ्याच जिवासाठी, राजा," राणी म्हणाली. मागे तिचा नवरा रॉस्किन उभा होता. त्याच्या हातात लाख आणि मेणबत्ती. "वॉल्टरचे मारेकरी फिरताहेत. तू लहान आहेस. तू वीस वर्षांचा होईपर्यंत कारभार ॲलनकडे दे, एवढंच. आईचं ऐकणार नाहीस का?"

राजानं लाखेकडे पाहिलं.

"आईसाहेब, ब्लेअरकेल मिळालं तेव्हा तुम्ही मला ड्रमारनला ठेवून आलात?"

"कोणी सांगितलं तुला हे?"

"खोटं आहे का?"

राणीनं तोंड फिरवलं. रॉस्किन म्हणाला, "महाराज, वेळ जातोय."

"असं चोरून नको," राजा अगदी गोड आवाजात म्हणाला. वॉल्टरसमोर काढायचा तोच आवाज. "पर्थला सभा बोलवा. सगळ्या उमरावांसमोर तुमचा हात धरून सांगतो. मग कोणाला बोट दाखवायला जागा उरणार नाही."

रॉस्किन खूश झाला. पर्थला सभा भरली. वॉल्टरही आपली माणसं घेऊन आला, कारण न येणं म्हणजे हार मानणं. राजा उठला. रॉस्किननं हात पुढे केला. राजानं तो हात वर उचलून धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"हा हात बघा," तो म्हणाला. "आणि तो तिकडे बसलाय त्या वॉल्टरचा हात बघा. माझ्या जन्मापासून यांचे हात माझ्या मुठीवर आहेत. आजपासून हे दोघे राजद्रोही. जो यांना धरून देईल त्याला यांच्या जमिनी."

उमरावांचं राजावर प्रेम नव्हतं, पण जमिनींवर होतं. रॉस्किन तिथल्या तिथे पकडला गेला आणि तळघरातच मेला. राणीला मठात पाठवलं. ती जाताना म्हणाली, "मी तुझी आई आहे रे!" राजा म्हणाला, "हो. किंमत चांगली आली माझी." तो तिला पुन्हा भेटला नाही. ती तीन वेळा निरोप पाठवून थकली.

वॉल्टर मात्र निसटला. ड्रमारनला जाऊन घोडे बाहेर काढले आणि सीमेपलीकडे इंग्रजांकडे पळाला. बायकोला मागे ठेवून.

ग्रिझेलबाईनं दरवाजा लावून घेतला. राजा चालून गेला ते दिवस पावसाळी होते, तोफा चिखलात रुतल्या, बैल मेले. आठवड्यामागून आठवडे गेले. एक दिवस राजा स्वतः भिंतीखाली गेला. मी त्याच्या लोकांना जेवण रांधायला बरोबर होते, सगळं ऐकलं.

"दरवाजा उघड!"

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"राजा!"

"कुठला?"

"ज्याला तू पेज खाऊ घातलीस तो!"

"मग एवढंच बळ का अंगात? मी तर घट्ट करत होते."

शिपाई हसू दाबत होते. राजाचे कान लाल झाले. "म्हातारे, तुझा नवरा तुला टाकून पळाला! कोणासाठी भांडतेस?"

"घरासाठी. तुला नाही कळायचं, तुला कधी घर नव्हतं."

अखेर आतलं धान्य संपलं. तिनं अट पाठवली, की किल्ल्यातल्या नोकरमाणसांच्या केसालाही धक्का लागता कामा नये. राजानं शब्द दिला. ती चालत बाहेर आली, आणखी वाळलेली, पण ताठ. उमराव ओरडायला लागले, "जाळा! राजद्रोह आहे! जाळा हिला!" सगळ्यांत मोठा आवाज किल्मोरच्या उमरावाचा. ड्रमारनची कुरणं त्याला हवी होती.

राजा घोड्यावरून उतरला. "तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस?"

"तुझ्याकडून? नको."

"मातीच्या दिवशी तू मला ओळखलं होतंस."

"ओळखलं होतं."

"मग ओरडली का नाहीस?"

"साप आपण होऊन घराबाहेर चालला असेल तर बाईनं आरडाओरडा करू नये."

राजानं तिच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग वळून म्हणाला, "किल्ल्या तिच्याकडे राहू द्या. फक्त किल्ला बदलेल. माझ्या वाड्याची कोठी, स्वयंपाक, दारं, सगळं आजपासून ही बघेल."

"मी तुझी चाकरी करणार नाही!" ती म्हणाली.

"करशील. नाहीतर तुझी नोकरमाणसं कुठे जातील? माझा शब्द जिवाचा होता, भाकरीचा नाही."

त्या संध्याकाळी तंबूत मी न राहवून बोलले. "महाराज, ही बाई तुम्हाला विष घालेल."

"अगं, ती माझा द्वेष करते आणि तोंडावर सांगते. बाहेरच्या त्या सगळ्यांना मी आवडतो. माझा बापही त्यांना आवडायचा."

अशी ग्रिझेलबाई राजवाड्यात आली. पुढची कित्येक वर्षं मी त्या दोघांचं भांडण जेवणाबरोबर खाल्लं. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, पण जेवताना तोंड लागायचं ते हिच्याशीच. तो कठोर राजा निघाला. चोरांना झाडांवर टांगलं, उमरावांचे बुरूज पाडले. बाया एकट्या बाजारातून घरी येऊ लागल्या. आणि तरी गावागावात त्याचं नाव निघालं की लोक थुंकायचे, कारण त्यानं टांगलेल्यांत प्रत्येकाचा कोणीतरी होता.

"आज किती टांगलेस?" ग्रिझेलबाई ताट ठेवत विचारायची.

"तुला जागा ठेवली आहे."

"ठेव. तुझ्यापेक्षा सरळ लटकेन."

तिनं त्याला कधी "महाराज" म्हटलं नाही. त्यानं तिला कधी बस म्हटलं नाही. यात कुठं आतून माया होती असं कोणी म्हणेल, तर त्यानं त्यांचे डोळे पाहिले नाहीत.

एका उन्हाळ्यात, सेंट जॉनच्या जत्रेच्या आधी, स्वयंपाकघराच्या अंगणात एक मीठवाला आला. ग्रिझेलबाईशी हळू आवाजात बोलला. मी मासे धूत होते. बाईनं मला उठवलं नाही, म्हणून मी ऐकलं. वॉल्टर सीमा ओलांडून आला होता. राजानं बुरूज पाडला म्हणून किल्मोरचा उमराव त्याला सामील होता. जत्रेच्या दिवशी सगळे मैदानात असतील, तेव्हा बाईनं नदीकडचा छोटा दरवाजा उघडा ठेवायचा.

"सांग त्याला, उघडा असेल," ती म्हणाली.

मीठवाला गेला. ती सरळ राजाच्या खोलीत गेली, मी मागोमाग. राजा दाढी करून घेत होता.

"वॉल्टर येतोय तुला मारायला," ती म्हणाली. "जत्रेच्या दिवशी, नदीच्या दारानं. तुझा किल्मोर त्याच्याबरोबर आहे."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. राजानं त्याला बाहेर घालवलं.

"हे मला का सांगतेस?"

"तुझा जीव वाचवते असं समजू नकोस. तू उद्या जिन्यावरून पडलास तर मी जेवून उठेन. पण ड्रमारनहून तो पळाला तेव्हा माझ्यासाठी घोडा होता, खोगीर घातलेला. मी शाल घेऊन खाली आले. त्या घोड्यावर त्यानं चांदीची भांडी लादली होती. माझ्याकडे पाहून म्हणाला, 'तुला ते काही करणार नाहीत.' त्या माणसाला मी दार उघडायचं?"

"मग तेव्हा किल्ल्यात त्याच्यासाठी कशाला भांडलीस?"

"घरासाठी, म्हणून सांगितलं होतं. तू ऐकत नाहीस."

जत्रेच्या दिवशी दार उघडं होतं. वॉल्टर आत आला, केस पांढरे झालेले, पण खांदे अजून तसेच. मागून किल्मोर आणि त्यांचे लोक. दार बंद झालं आणि भिंतीवर तिरंदाज उभे राहिले. किल्मोरनं लगेच तलवार टाकली आणि गुडघ्यावर बसला. वॉल्टर बसला नाही. त्यानं बायकोला पाहिलं.

"ग्रिझेल! तू?"

"भांडी विकलीस का ठेवलीस?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्यावरची नजर काढली. राजाकडे वळून, तोच जुना मऊ आवाज काढून म्हणाला, "महाराज, मी सोळा वर्षं तुमचं राज्य सांभाळलं. माझ्यामुळे तुम्ही जिवंत राहिलात. दुसऱ्या कोणी पाळण्यातच गळा दाबला असता."

ते खरंही होतं. राजानं मान हलवली.

"एकच विचारतो," तो म्हणाला. "डंकनला कुठे पुरलं?"

वॉल्टर खरोखर गोंधळला. आठवायचा प्रयत्न करत राहिला. "कोण डंकन?"

 राजानं हातानंच खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टरचं आणि किल्मोरचं डोकं उडवलं. ग्रिझेलबाई खिडकीत उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मग खाली आली.

"धड ड्रमारनला पाठव. आणि डोकं पुलावर लावू नकोस."

"लावणार."

"मी तुला काही मागत नाही कधी."

"म्हणून काय झालं? लावणार."

लावलं. ती त्या दिवसापासून त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट ठेवायची आणि जायची. त्याला ते झोंबलं. मुद्दाम काहीतरी टोचून बोलायचा, जेवण बेचव आहे म्हणायचा; ही भिंतीकडे बघायची. हिवाळा तसा गेला. बर्फ वितळल्यावर एका सकाळी ती शिडी खांद्यावर घेऊन पुलावर गेली, सत्तरीची बाई. पहारेकरी बघतच राहिले. वर चढून तिनं ते उरलंसुरलं डोकं भाल्यावरून काढलं, शालीत गुंडाळलं. एका पहारेकऱ्यानं वाड्याकडे पाहिलं. राजा सज्जात उभा होता. त्यानं अडवलंही नाही, परवानगीही दिली नाही. नुसता उभा राहिला.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "तुझी शिडी कुजलेली आहे. राज्यही तसंच असणार." भांडण पुन्हा सुरू झालं.

राजा चाळिशीत गेला. पुराच्या पाण्यातून घोडा घातला, चिंब भिजला, छातीत कफ धरला आणि आटोपला. मुलगा तेव्हा मोठा, भाला पेलणारा होता, म्हणून गडबड झाली नाही. तरी प्रेत खोलीत असतानाच उमराव कोपऱ्यात कुजबुजायला लागले, कोणाला काय मिळणार म्हणून.

"बाहेर जा," ग्रिझेलबाई उशाशी बसल्या बसल्या म्हणाली. "इथे मेलेलं माणूस आहे. गिधाडांनी तरी थोडं लांब बसावं."

गेले, एवढ्या वर्षांचा धाक होता. बिशप, नवे बिशप, तिच्याजवळ वाकले. "बाई, त्यांच्या आत्म्यासाठी आपण प्रार्थना करू या."

"तुम्ही करा. त्यानं माझ्या नवऱ्याचं डोकं उडवलं, घर घेतलं, माझ्याकडून चाकरी करून घेतली. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि त्यानंही मला केलं नव्हतं. देवासमोर खोटं कशाला बोलू?"

पण त्याला पुरेपर्यंत ती उठली नाही. मी पेज आणली, ती खाल्ली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय, मॅरिओटा."

नंतर किल्ल्या तिनं नव्या राजाच्या टेबलावर ठेवल्या आणि ड्रमारनला जायला गाडी मागितली. पोरगा समजूतदार, त्यानं चांगली गाडी दिली, वर लोकरी पांघरूण दिलं. ती चढून बसली, तोंड रस्त्याकडे करून. मी निरोप द्यायला चाकाशी उभी होते.

"बाईसाहेब, काही सांगायचंय?"

"गाडीवाल्याला सांग, हळू हाकू नकोस," ती म्हणाली. "मला इथलं सगळं बघून झालंय."